दहापैकी सहा

लॅपटॉप दुरुस्त झाला आणि तिथून सगळं बिघडलं.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ही कथा ते तक्रार म्हणून नोंदवून घेतील, नवी केस उघडेल आणि उद्या सकाळी एखादा गोड आवाज मला विचारेल की सर, आम्ही कुठे कमी पडलो. ते कुठेही कमी पडलेले नाहीत. हे मी आता शपथेवर सांगायला तयार आहे. मुळात हे आधीच नीट सांगता आलं असतं तर

*प्रिय गुणवंत जी, आप हमारे ग्राहक नहीं, हमारे परिवार हैं. आपका केस दर्ज कर लिया गया है.*

तर पुढचं काहीच झालं नसतं. (हे मेसेज असे मध्येच येतात. वाक्य संपायची वाट बघत नाहीत.)

लॅपटॉप माझा नव्हे, माझ्या बायकोचा. अलकनंदा दर रविवारी सकाळी त्यावर मराठीचा वर्ग घेते. द्वारका, गुरुग्राम, नोएडा इथल्या मराठी घरातली मुलं त्यात असतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेलं की हिंदी, त्यामुळे या मुलांचं आजीशी फोनवरचं बोलणं 'हां आजी, जेवलो आजी, बाय आजी' एवढ्यात आटोपतं. त्यावर उपाय म्हणून अलकनंदानं महिनाअखेरच्या रविवारी एक कार्यक्रम ठरवला होता. प्रत्येक मुलानं आपल्या गावाकडच्या आजी-आजोबांना पडद्यावर एक अख्खी गोष्ट सांगायची. मराठीत.

अख्ख्या वर्गाचं भवितव्य त्या कार्यक्रमावर होतं. कारण त्याच वेळेला गुरुग्राममध्ये रोबोटिक्सचा एक वर्ग सुरू झाला होता. नचिकेत नावाच्या मुलाची आई, उत्तरा, अलकनंदाला फोनवर फार नम्रपणे म्हणाली होती, "मॅडम, प्रोग्रॅम होऊ दे, मग बघू या ना कंटिन्यू करायचं का." बाकीच्या आया उत्तरा काय करते ते बघून करतात. म्हणजे उत्तरा गेली की वर्ग गेला. अलकनंदा हे बोलून दाखवत नव्हती, पण त्या आठवड्यात तिनं दोनदा वरणात मीठ घातलं नाही.

अशात लॅपटॉपची बिजागरी मोडली. झाकण उघडताना डावीकडे कट्ट आवाज झाला आणि पडदा मान टाकून लटकला. माझा लॅपटॉप सरकारी आहे, तो घरी आणता येत नाही. मुलीचा, तेजश्रीचा, तिच्या ऑफिसचा आहे, त्यात ऑफिसखेरीज काही उघडत नाही. मी कंपनीला फोन केला. दुसऱ्याच दिवशी लोकेश नावाचा इंजिनिअर घरी आला. त्यानं बिजागरी बदलली, पडदा पुसून दिला, चहा नको म्हणाला, आग्रह केल्यावर प्याला आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "सर, फीडबॅक का कॉल आएगा. ज़रा देख लीजिएगा."

मी म्हणालो, "बिल्कुल."

फोन आला. एका ध्वनिमुद्रित बाईनं विचारलं की आमच्या कंपनीची शिफारस आपण मित्रांना आणि नातेवाइकांना कितपत कराल, शून्य ते दहा सांगा. मी सहा सांगितले.

इथे थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण त्या सहाबद्दल माझी फार बदनामी झाली आहे.

मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. दर वर्षी हाताखालच्या लोकांचे मूल्यमापन अहवाल लिहितो. आमच्याकडे एखाद्याला नऊ किंवा दहा द्यायचे असतील तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात. म्हणजे त्या माणसानं काय असामान्य केलं, ते नमूद करावं लागतं. एक किंवा दोन द्यायचे तरी तेच. त्यामुळे अनुभवी माणूस मधल्या प्रदेशात राहतो. पाच म्हणजे बरा माणूस. सहा म्हणजे चांगला माणूस. सात म्हणजे ज्याच्यावर फाइल टाकून रजेवर जाता येतं असा माणूस. आठ मी आजवर एकालाच दिलेत आणि त्याची बदली झाली. शिवाय प्रश्न शिफारशीचा होता. माझे नातेवाईक मी सांगितलेलं काहीही करत नाहीत. हे लक्षात घेतलं तर एका बिजागरीपोटी सहा म्हणजे मी खरं तर हात सैल सोडला होता.

"बाबा, यार, तुम्ही त्या माणसाला फेल केलंत," तेजश्री म्हणाली. ती गुरुग्रामला मार्केटिंगमध्ये आहे.

"सहा दिलेत मी."

"तेच ना. नऊ-दहा म्हणजे कस्टमर प्रेमात आहे. सात-आठ म्हणजे त्याला काहीच वाटत नाही. सहा आणि खाली म्हणजे तो बाहेर जाऊन कंपनीची बदनामी करणार."

"मी कुठे बदनामी करतोय?"

"सिस्टिमला ते कसं कळणार? बाबा, नुसता समाधानी कस्टमर काही कामाचा नसतो. तो उद्या दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप घेतो. लॉयल पाहिजे तर त्याला डिलाइट करावं लागतं."

मी यावर बराच वेळ विचार केला. मी वीस-पंचवीस वर्षं एकाच न्हाव्याकडे केस कापतो. तो दर वेळी डावीकडे जास्त कापतो आणि दर वेळी मी त्याला ते ऐकवतो. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून आम्ही द्वारकेला आलो, तरी मी मेट्रो बदलून त्याच्याकडेच जातो. तो न्हावी मला डिलाइट करायला लागला तर मी घाबरून दुसरा शोधेन. याला निष्ठा म्हणत नसतील तर मग कशाला म्हणतात? तेजश्रीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्यासारख्यांचा डेटाच नसतो बाबा."

*

नंतरचा फोन जिवंत बाईचा होता. तिचं नाव मीनाक्षी.

"सर, आपने हमें छह दिया है. हमसे क्या ग़लती हुई?"

"कुछ नहीं. बहुत अच्छा काम हुआ."

"तो सर, छह क्यों?"

"अच्छा था, इसलिए छह."

पलीकडून टंकन केल्याचा आवाज आला. नंतर मला कळलं की तिनं 'ग्राहक नाराज़ हैं, व्यंग्य में बात कर रहे हैं' असं लिहून घेतलं. व्यंग्य. मी. आमच्या सेक्शनमध्ये माझ्या सरळपणाचे दाखले देतात.

माझ्या नाराजीवर उपाय म्हणून कंपनीनं लॅपटॉप पुन्हा तपासायचं ठरवलं. मी ऑफिसात होतो, अलकनंदा भाजी आणायला गेली होती, तेजश्री घरून मीटिंगमध्ये होती. दारात कंपनीचा माणूस आला, तिनं कानातला हेडफोन न काढता लॅपटॉप त्याच्या हातात दिला. चालणारा लॅपटॉप दुरुस्तीला गेला.

अलकनंदा मला म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

"चांगलं काम केलं म्हणून सांगितलं."

"मग ते घेऊन का गेले?"

हा प्रश्न मी लिफ्टमध्ये खुराना साहेबांपुढे ठेवला. खुराना आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्यांचा पहाडगंजला घाऊक व्यापार आहे आणि ग्राहक या प्राण्याला ते दोन्ही बाजूंनी ओळखतात. ते म्हणाले, "जी, आपने ग़लती कर दी. छह क्यों दिया? ज़ीरो देना था. ज़ीरो वाले को नया पीस मिलता है."

"लेकिन काम तो अच्छा हुआ था."

"तो क्या हुआ?" खुराना म्हणाले आणि आपल्या मजल्यावर उतरले. मी माझा मजला खाली सोडून त्यांच्याबरोबर वर आलो होतो, हे त्यांचं दार बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

तळमजल्यावरचे अंबादास काका म्हणजे आमच्या सोसायटीतले दुसरे मराठी. लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आकडा द्यायचाच नाही. आकडा म्हटला की आक्षेप आला. 'पाहिले' एवढंच लिहायचं."

"फोनवर कसं लिहायचं काका?"

"मग फोन घ्यायचाच नाही."

लॅपटॉप परत आला. नव्या पिशवीत होता, सोबत एक मग होता आणि मगावर 'परिवार' असं लिहिलं होतं. बिजागरी पहिल्यासारखीच चांगली होती, म्हणजे पहिल्यांदा दुरुस्त झाल्यावर होती तशी. पुन्हा फोन आला. आता मला गोष्ट समजली होती. मी सात दिले. एका अंकाची बढती. आमच्याकडे एवढ्यात माणूस पेढे वाटतो.

*

आकडा: सात.
कंपनीच्या लेखी अर्थ: उदासीन. ना प्रेम, ना राग.
उदासीन ग्राहकाबाबत कार्यवाही: ग्राहकास आनंदित करणे.
कार्यवाहीसाठी आवश्यक सामग्री: लॅपटॉप.

*

या खेपेला घ्यायला आलेल्या माणसानं एक रोपटं आणलं होतं. रोपटं दिलं आणि लॅपटॉप नेला. नाराज ग्राहकाचा लॅपटॉप साधा तपासतात, उदासीन ग्राहकाचा मात्र आतून-बाहेरून स्वच्छ करून, तेल-पाणी करून, चकचकीत करून आणतात म्हणे. फुकट. मी खूप सांगितलं की नको. त्यानं नम्रपणे सांगितलं, "सर, मना करेंगे तो आप नाराज़ में चले जाएँगे."

तो रविवार फोनवर काढावा लागला. अलकनंदानं फोन कुकरच्या झाकणाला टेकवला. पडद्यावर मुलं पोस्टाच्या तिकिटाएवढी. कोणाचं तोंड हलतंय ते कळेना, म्हणून ती आवाजावरून नावं ओळखून उत्तरं देत होती आणि चुकत होती. फोन दोनदा घसरला, त्यामुळे मुलांनी बराच वेळ आमचा छतपंखा पाहिला. वर्ग संपल्यावर उत्तराचा निरोप आला: *मॅडम, नेक्स्ट संडेचा प्रोग्रॅम असाच असेल का? सासरे संगमनेरहून जॉइन होणार आहेत, त्यांना कमी दिसतं.*

अलकनंदानं तो मला वाचून दाखवला नाही. फोन माझ्यापुढे ठेवला आणि रोपट्याला पाणी घालायला गेली. मला तिनं ओरडलेलं चाललं असतं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नेहरू प्लेसला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. काउंटरवर माझा फोन नंबर सांगताच पडद्यावर काहीतरी लाल चमकलं आणि तिथली मुलगी उभी राहिली. मग मागचे दोघे उभे राहिले. मला आतल्या खोलीत सोफ्यावर बसवलं, नारळपाणी दिलं. काचेतून माझा लॅपटॉप दिसत होता. टेबलावर, चकचकीत, बिजागरीसकट. माझ्यापासून चार पावलांवर.

"वो दे दीजिए, मैं जाता हूँ," मी म्हणालो.

मॅनेजर माझ्याशेजारी बसला. म्हणाला की सर, लॅपटॉप तयार आहे, पण केस बंद झाल्याशिवाय तो बाहेर पडत नाही.

"तो केस बंद कीजिए."

केस आपण नऊ किंवा दहा दिल्यावर बंद होते.

"दे दिया. दस."

असं तोंडी चालत नाही. आपल्याला फोन येईल, त्यावर द्यायचे.

"तो फ़ोन कराइए."

फोन लॅपटॉप आपल्याला मिळाल्यावर येतो.

मी नारळपाणी खाली ठेवलं. इतकी वर्षं मी सरकारी नोकरीत आहे. एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे आणि तिथून पुन्हा पहिल्याकडे आलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत, काही मीच पाठवल्या आहेत. पण इतकी गोल आणि कुठेही फट नसलेली अडचण मी पाहिली नव्हती. माझ्यातल्या अधिकाऱ्याला क्षणभर आदर वाटला. मग मला कुकरचं झाकण आठवलं आणि मी म्हणालो, "रविवार को मेरी वाइफ़ का प्रोग्राम है."

त्यानं ते लिहून घेतलं. 'वाइफ़ का प्रोग्राम.' रकान्याचं नाव होतं 'ग्राहक की रुचियाँ'.

बाहेर जिन्यात लोकेश भेटला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरचं काहीतरी चोरलंय. म्हणाला, "सर, मैंने उस दिन चाय भी पी थी आपके यहाँ." त्याचा त्या महिन्याचा सगळा बोनस माझ्या सहावर अडकला होता. मी त्याला सांगायला गेलो की सहा म्हणजे आमच्याकडे..., पण तो पायऱ्या उतरून गेला होता.

*

शनिवारी मीनाक्षीचा फोन आला. तिनं माझ्यासाठी वरपर्यंत जाऊन विशेष परवानगी आणली होती. लॅपटॉप मिळण्याआधीच मला गुणांचा फोन येणार होता. मी दहा द्यायचे, केस बंद, रविवारी सकाळी लॅपटॉप घरी. तिनं तीनदा विचारलं, "सर, दस ना?"

"दस," मी म्हणालो. कारणं नमूद न करता दहा देण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती. मी चपला काढून, खुर्चीत ताठ बसलो. अलकनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तेजश्रीही आली.

ध्वनिमुद्रित बाई सुरू झाली. बटण दाबून उत्तर द्या म्हणाली. पुढचं ती सावकाश सांगत होती, पण मला वेळ नव्हता, मला उत्तर ठाऊक होतं. मी एक दाबला, मग शून्य दाबलं.

ती म्हणाली, "आपने एक दबाया है. धन्यवाद."

आणि फोन बंद झाला. दहासाठी नुसतं शून्य दाबायचं होतं, असं ती पुढे सांगणार होती.

तेजश्री खाली बसली. "बाबा, एक म्हणजे तुम्ही आता नाराज कस्टमरच्या लिस्टमध्ये डायरेक्ट टॉपला गेलात." मीनाक्षीचा नंबर लागेना. लोकेशनं तर माझा फोन उचललाच नाही.

*प्रिय गुणवंत जी, आपकी पीड़ा हमारी पीड़ा है. हमारी शीर्ष टीम आपसे स्वयं मिलेगी.*

अलकनंदानं कुकरचं झाकण घासून ठेवलं. म्हणाली, "होईल तसं होईल." हे ती कधीच म्हणत नाही. मला लॅपटॉपचं काही वाटेनासं झालं. मला वाटत होतं ते एवढंच, की तिनं दोन वर्षं खपून उभा केलेला वर्ग मी एका बोटानं बुडवला.

रविवारी कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ असताना बेल वाजली. दारात कंपनीचे उपाध्यक्ष होते. सूट घातलेले, हातात केक. त्यांच्यामागे मीनाक्षी. आवाजावरून मला ती उंच वाटली होती, तशी नव्हती. तिच्यामागे लोकेश, छातीशी लॅपटॉप धरून. उपाध्यक्षांनी हात जोडले आणि सुरुवात केली, "सर, एक ग्राहक की आँखों में आँसू हमारे लिए..."

अलकनंदा पुढे आली. लोकेशच्या हातातून लॅपटॉप घेतला. "बैठिए, और आवाज़ मत कीजिए. बच्चे आ रहे हैं," असं म्हणून टेबलाशी गेली. उपाध्यक्ष केकसकट सोफ्यावर बसले. मीनाक्षी वेताच्या मुढ्यावर आणि लोकेश चपलांच्या कपाटाशी उभा.

पडदा उजळला. मुलं आली, आजी-आजोबा आले. एका आजीचं फक्त कपाळ आलं. नचिकेतचा नंबर आला तेव्हा उत्तरा त्याच्या खुर्चीमागे उभी होती, आणि संगमनेरचे आजोबा चष्मा लावून पडद्याला जवळजवळ चिकटले होते. नचिकेतनं आजोबांच्या घरातल्या मांजरीची गोष्ट सुरू केली. ती मांजर कोणालाही न सांगता नाशिकच्या एसटीत बसून जाते. गोष्ट छान चालली होती. मग मांजर परत येते आणि घरात शिरताना बसते... कुठे? मुलगा अडकला.

"ते, दाराखालचं," तो म्हणाला. "लाकडाचं असतं. स्पीड ब्रेकरसारखं."

उत्तराला शब्द आठवत नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अलकनंदाला येत होता, पण तिनं तोंडावर हात ठेवला होता.

"उंबरठा," आजोबा म्हणाले.

"हां. उंबरठ्यावर बसते. आणि म्हणते, मी आले, मला कोणी शोधलं का?"

आजोबा चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "शोधलं रे. खूप शोधलं." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बरी सांगितलीस."

उपाध्यक्ष माझ्या कानाशी आले. "ये 'बरी' मतलब?"

"दस में दस," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

सगळ्यांच्या गोष्टी झाल्यावर उत्तरा पडद्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, रोबोटिक्सवाल्यांना मी टाइम बदलून मागते. नाही दिला तर राहू दे." आणि घाईघाईनं गेली, कारण तिकडे नचिकेत आजोबांना फोन लावून मांजरीचं पुढे काय झालं ते सांगत होता.

अलकनंदा टेबलापाशी तशीच बसून होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कसा झाला?"

मी इतका खूश होतो की माझ्या तोंडून आपसूक निघालं, "चांगला झाला. सात."

चपलांच्या कपाटापाशी लोकेशचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. सात त्याला कळत होतं. "सर," तो कुजबुजला, "दस बोल दीजिए. केस री-ओपन हो जाएगा."

मीनाक्षीनं मान डोलावली. उपाध्यक्षांनी केकची दोरी सोडता सोडता हात थांबवला. तिघंही माझ्याकडे बघत होती आणि आयुष्यात प्रथमच मला त्यांचं म्हणणं पटलं.

"दहा," मी अलकनंदाला म्हणालो. "दहापैकी दहा."

तिचा चेहरा उतरला. ती खुर्चीतून उठून माझ्याजवळ आली, त्या सगळ्यांच्या देखत माझ्या दंडाला धरून मला बाजूला नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"अहो, खरं सांगा. कुठे चुकलं?"